पाठीवरचं नाव

मित्रांनो, माझ्या पाठीवर एकेकाळी एक नाव होतं. लाल ऑइलपेंटनं, हातानं लिहिलेलं. आता ते नाही. ते कसं आलं आणि कसं गेलं, एवढीच माझी गोष्ट. मी घडीची लोखंडी खुर्ची. राहणार माले, तालुका मुळशी. वय झालंय, उघडताना कुरकुरते, पण बसणाऱ्याला मी आजवर कधी पाडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ते नाव होतं माझ्या मालकांचं. मालक म्हणजे लीलाबाईंचे यजमान. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं, पुढे जन्मभर 'हे', 'ते', 'अहो', 'निरंजनचा बाप'. लीलाबाईंच्या घरात राहून मलाही तीच सवय लागली आहे. म्हणून मीही मालकांना मालकच म्हणेन. तुम्ही समजून घ्या.

पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. नळ्या वाकवल्या, पत्रा ठोकला, रिवेट मारले आणि निळा रंग फासला. तिथून मी पौडच्या बाजारात आले. मालकांचं नवं नवं लग्न झालं होतं. घरी पाहुणा आला की त्याला पोत्यावर बसवावं लागतं, याची त्यांना लाज वाटायची. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी दोन खुर्च्या घेतल्या, मी आणि माझी बहीण. एसटीच्या टपावर बांधून आम्हाला माल्यात आणलं. लीलाबाईंनी आमच्या पाठीला हळदकुंकू लावलं. एवढा मान पुढे मला कधी मिळाला नाही.

तेव्हा गावात मंडपवाले नव्हते. लग्न निघालं की घराघरांतून खुर्च्या गोळा व्हायच्या आणि जेवणावळ उठली की ज्याची त्याच्या घरी जायची. सगळ्या निळ्या, सगळ्या सारख्या. अशाच एका लग्नात माझी बहीण गेली ती परत आलीच नाही. मालक दारोदार फिरले. "ही आमची न्हाई का?" म्हणून विचारत राहिले. पण ओळख पटवणार कशी? मला तिची आठवण अजून येते. एकीवर मालक बसायचे तेव्हा दुसरीवर लीलाबाईंनी बसावं अशी त्यांची इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी, शेजाऱ्यानं ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेला लाल रंग मागून आणला. ब्रश नव्हता. बाभळीची काडी चावून त्यांनी तिचं टोक मऊ केलं आणि मला अंगणात पालथी घातली. शाळा चौथीपर्यंतच झालेली. एकेक अक्षर काढताना जीभ दातांत धरलेली. शेवटच्या अक्षराशी रंग जास्त झाला आणि एक ओघळ खाली उतरला. तो त्यांनी पुसला नाही, कारण पुसायला गेलं तर अक्षरच गेलं असतं.

रंग वाळल्यावर लीलाबाई जवळ आल्या. "काय लिव्हलंय?"

"माझं नाव. आता कुनी न्हेनार न्हाई."

"वाचून दावा की."

"तूच वाच."

"मला कुटं येतंय? आन् आलं तरी तुमचं नाव कसं घेऊ मी?"

मालक हसले. त्यांनी तिचा अंगठा धरला आणि माझ्या पाठीवरून फिरवला. रंग जाड बसला होता. अक्षरं बोटाला लागत होती. "तोंडानं घेत न्हाईस ना? मग अंगठ्यानं घे," ते म्हणाले.

लीलाबाई लाजून आत पळाल्या. पण त्या दिवसापासून त्यांना एक खोडच लागली. मालक माझ्यावर बसलेले असोत, नाहीतर कुणी पाहुणा असो, चहा देऊन झाला की त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहायच्या, एक हात माझ्या पाठीवर ठेवायच्या आणि अंगठा पहिल्या अक्षरापासून त्या ओघळापर्यंत हळूच फिरायचा. बघणाऱ्याला वाटे, बाई आपली खुर्चीला टेकून उभी आहे. खरी गोष्ट फक्त आम्हा तिघांना ठाऊक होती.

पुढे माझे कामाचे दिवस आले. माझ्यावर म्हशी तपासायला आलेला डॉक्टर बसला, सोसायटीचा चेअरमन बसला, मतदानाला शाळेत नेलं तेव्हा पोलिंगचे साहेब दिवसभर बसले. मालकांचा थोरला मुलगा निरंजन माझ्यावर उभा राहून बल्ब बदलायचा. धाकटी वैष्णवी माझ्यावर मांडी घालून अभ्यास करायची आणि पाढा चुकला की मलाच चापट मारायची. मी गावातल्या कितीतरी लग्नांत गेले आणि दर वेळी बिनचूक घरी आले. मागे वळवलं की नाव दिसायचं. माझी निळी कांती गेली, पाय गंजले, एका पायाचं रबर पडलं. मी डगडगू नये म्हणून घरचे पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालू लागले. नाव मात्र तसंच होतं.

मग एका पावसाळ्यात मालक आजारी पडले. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना आडवं पडवत नव्हतं. दम लागायचा. दिवसभर ते माझ्यावर बसून असत. लीलाबाई मागे उभ्या राहून त्यांची पाठ चोळायच्या आणि दमल्या की हात माझ्यावर ठेवायच्या. एका सकाळी मालकांनी पाणी मागितलं. त्या तांब्या घेऊन येईपर्यंत त्यांची मान कलली होती. मित्रांनो, माणसाचं वजन मला नीट कळतं. जीव गेलेल्या माणसाचं वजन कसं असतं, तेही त्या दिवशी कळलं.

नंतर त्यांचे कपडे वाटले गेले. टोपी गेली, वहाणा गेल्या. खोरं निरंजन वापरू लागला. भिंतीवर फोटो आला, पण त्याची गंमत ऐका. मालकांचा धड एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा चेहरा घेऊन स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला आणि गळ्याखाली आपल्याकडचा कोट-टाय चिकटवून दिला. ज्या माणसानं जन्मात कोट घातला नाही तो भिंतीवर साहेब होऊन बसला. मुलांना तो फोटो फार आवडला. लीलाबाई रोज त्याला हार घालायच्या, उदबत्ती ओवाळायच्या आणि खाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या पाठीवरून अंगठा फिरवून कामाला लागायच्या. मालकांच्या हातचं म्हणावं असं घरात आता तेवढंच उरलं होतं.

अशी वर्षं गेली. निरंजन मारुंजीत रंगकामाच्या ठेकेदाराकडे लागला. सकाळी मोटरसायकलनं जायचा, संध्याकाळी रंगानं माखून यायचा. वैष्णवी पदवीधर झाली आणि पौडला एका ऑफिसात हिशेब बघू लागली. मग एका शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. जांबे गावचे पाहुणे रविवारी वैष्णवीला बघायला येणार होते.

वैष्णवीनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. भिंतींना पोपडे, खिळ्यांना लोंबणाऱ्या पिशव्या, कोपऱ्यात खताची पोती, लोंबकळणाऱ्या वायरी आणि मी. "दादा, असल्या खोलीत त्यांना बसवणार?" ती म्हणाली. "त्यांच्याकडं भाड्यानं द्यायला आख्खी बिल्डिंग आहे."

"आपल्याकडं बिल्डिंग न्हाई, पन हात हायेत," निरंजन म्हणाला. "एका दिवसात खोली अशी करतो का न्हाई बघ. नवं काय आनायचं न्हाई. हाय त्यातच."

आणि खरोखर दोघांनी कंबर कसली. एका सोसायटीचं काम संपल्यावर उरलेले डबे ठेकेदारानं निरंजनला नेऊ दिले. एका डब्यात फिकट पिवळा होता, दुसऱ्यात तळाशी थोडा विटकरी. विटकरी सगळीकडे पुरणार नव्हता. वैष्णवी म्हणाली, एकच भिंत गडद करायची, तशीच आता पद्धत आहे. लीलाबाईंच्या जुन्या जरीकाठी साडीचे पडदे झाले. पत्र्याच्या ट्रंकेवर शाल घातली की टीपॉय तयार. पोती गोठ्यात गेली, वायरी पट्टीखाली गेल्या, शेजारच्या काकूंकडून मनीप्लँटची फांदी आणून बाटलीत लावली. मला तर मौज वाटत होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी ओला फडका घेऊन माझे सांधे पुसत होतं.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. शनिवारी सकाळी लीलाबाई भातकापणीला निघाल्या होत्या. गावात सावड असते, आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. सावड चुकवता येत नाही. डोक्याला फडकं बांधता बांधता निरंजननं त्यांना विचारलं, "आई, खुर्ची पन रंगवतो. चालंल न्हवं?"

"रंगव की. लई गंजलीय बिचारी," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्याशी थबकल्या. भिंतीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "सगळं करा, पन त्यांचं तेवढं ऱ्हाऊ द्या. त्याला धक्का लावू नका."

भिंतीवर फोटो होता आणि त्याच्या खाली मी होते. वैष्णवीनं मान वर करून पाहिलं. "आई, अगं, ते काय सांगायला पाहिजे?" ती म्हणाली. लीलाबाईंचं समाधान झालं. विळा घेऊन त्या निघून गेल्या.

मुलांनी आईचा शब्द अगदी जिवापाड पाळला. फोटो उतरवून टॉवेलात गुंडाळला, वरून चादर, आणि आतल्या खोलीत गादीवर ठेवला. भिंत वाळल्यावर पुन्हा लावला आणि नवा हार आणला. काचेवर रंगाचा एक शिंतोडा नव्हता.

मग माझी पाळी आली. निरंजननं घासकागद वैष्णवीच्या हाती दिला. "आधी घासून काढ. घासल्याबिगर रंग धरत न्हाई." ती पायांपासून सुरू झाली. गंज भुरभुर पडत होता. पाठीशी आल्यावर तिनं क्षणभर हात थांबवला. "दादा, इथं बाबांचं नाव आहे."

"मांडवात खुर्ची हरवू नये म्हनून टाकलंवतं ते. आता कोन नेतंय? मंडपवाले आलेत. पाव्हन्यांनी बघितलं तर म्हनतील, लग्नातली उचलून आनली."

वैष्णवी हसली आणि तिचा हात पुन्हा चालू लागला. मी ओरडले असते, पण मला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही, आणि सांध्यांत तेल घातल्यामुळे त्या दिवशी तेही येईना. पहिलं अक्षर गेलं. दुसरं गेलं. ओघळ सगळ्यांत जाड होता, त्याला वेळ लागला. ती जोर लावून घासत होती, आईसाठी घर सुंदर करत होती. तिचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही.

फिकट पिवळ्याचा पहिला हात दिला तेव्हा एक नवल झालं. पाठीवर खालचा लाल रंग पुसट डोकावू लागला. "काय चिवट रंग आहे!" म्हणत वैष्णवीनं तिथं दुसरा हात दिला, मग तिसरा, जाड. तेव्हा तो दिसेनासा झाला. मला सावलीत वर्तमानपत्रावर उभं केलं. थंडीचे दिवस, धरणाकडून गार वारा येत होता. माझे पाय वाळले, बैठक वाळली. पाठीमागचा तो जाड थर मात्र आतून ओलाच राहिला.

दिवेलागणीला लीलाबाई आल्या. खोली पाहून हरखल्या. पडद्याला हात लावून म्हणाल्या, "आगं, ही तर माझी साडी!" वैष्णवीनं फोटो दाखवला. "बघ, जराही धक्का लावला नाही." लीलाबाई फोटोला नमस्कार करून वळल्या आणि त्यांना मी दिसले. त्या माझ्या मागे आल्या. हात पुढे आला.

"हात नको लावू, ओली आहे!" वैष्णवी ओरडली. "कशी झालीय सांग ना. नवीन वाटते की नाही?"

लीलाबाई बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिल्या. पोरीच्या केसांत रंग लागला होता, बोटं सोलवटली होती, डोळे आनंदानं चमकत होते.

"झ्याक झालीय," त्या म्हणाल्या आणि चुलीपाशी गेल्या.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील चंद्रकांत, आई आशालता आणि मुलगा ऋषिकेश. चंद्रकांतराव मोठ्या मानानं माझ्यावर बसले. आशालताबाई पडदे निरखून म्हणाल्या, "घर लई नीटनेटकं ठेवलंय तुमी." निरंजननं वैष्णवीकडे पाहून हळूच डोळे मिचकावले. पोहे झाले, चहा झाला. लीलाबाई रिकामा ट्रे ठेवून सवयीनं माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

चंद्रकांतरावांनी विचारलं, "पोरी, तुझं पूर्ण नाव सांग बघू."

वैष्णवीनं सांगितलं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांचं नाव खोलीत मोठ्यानं उमटलं आणि त्याच वेळी लीलाबाईंचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला. जुन्या जागी गेला. तिथं काहीच नव्हतं. गुळगुळीत. अंगठा थोडा पुढे सरकला, मागे आला, त्यानं पुन्हा शोधलं. मग जिथं तो ओघळ होता तिथं जाऊन थांबला आणि घट्ट दाबला गेला. तो दाब माझ्या लोखंडापर्यंत पोचत होता. बाईंच्या तोंडावर मात्र हसू होतं, कारण समोर पाहुणे होते आणि पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

"आमाला मुलगी पसंत हाय," आशालताबाई उठताना म्हणाल्या. ऋषिकेशनं मान खाली घातली, वैष्णवीही लाजली. घरात आनंदीआनंद झाला.

पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवून वैष्णवी आत आली, ती नाचतच. माझी घडी घालायला गेली आणि थांबली. "अरे देवा! कुणीतरी अंगठा लावला. ओलं होतं वाटतं अजून." पिवळ्या रंगात अंगठा खोल रुतला होता, रेघ न् रेघ दिसत होती. "थांब, ब्रश आणते. एक हात मारला की जाईल."

लीलाबाईंनी तिचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे."

"अगं, वाईट दिसतंय ते."

"ऱ्हाऊ दे म्हनते ना. एकदा पुसलंस तेवढं पुरं झालं."

वैष्णवीनं आईकडे पाहिलं, मग त्या जागेकडे. ती जागा कशाची, ते तिला आठवलं. "आई... बाबांचं नाव? मग तू बोलली का नाहीस?"

"सांगून गेलते की. त्यांचं तेवढं ऱ्हाऊ द्या म्हनलं."

"मला वाटलं, फोटोचं म्हणतेस!"

"फोटोतला तो कोटवाला मानूस मी कुटं बघितलाय गं," लीलाबाई म्हणाल्या आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं. "नाव त्यांनी लिव्हलंवतं. मला वाचायला येत न्हाई, घ्यायला जमत न्हाई. म्हनून अंगठ्यानं घेत हुते."

वैष्णवी आईच्या गळ्यात पडली. "मी परत लिहिते आई. आत्ता लिहिते. अगदी तसंच काढते."

"तू चांगलं काढशील. पन ते त्यांच्या हातचं कसं व्हईल?"

निरंजन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. तो बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसला, ती स्वच्छ होती तरी. वैष्णवी आईला बिलगून खूप वेळ रडली. ज्या दिवशी तिचं लग्न ठरलं, त्या दिवशी ती अशी रडली.

लग्न झालं. दारात मंडपवाल्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, पांढऱ्या कापडाची खोळ घातलेल्या, मागे फुलं बांधलेल्या. माझी गरज पडली नाही. वैष्णवी जांब्याला गेली. जाताना तिनं आईला नमस्कार केला, फोटोला केला आणि मग खाली वाकून माझ्या पाठीवरही डोकं टेकवलं. व्हिडिओवाल्याला ते कळलं नाही, त्यानं कॅमेरा दुसरीकडे फिरवला.

आता दुपारी घरात लीलाबाई असतात आणि मी असते. विटकरी भिंतीला पावसाळ्यात ओल आली, मनीप्लँट मात्र दारावर चढलाय. माझ्या पाठीवरचा रंग कधीच वाळून कडक झाला. त्यात अंगठा आहे, जसाच्या तसा. लीलाबाई कामं उरकून माझ्या मागे येतात आणि त्यात आपला अंगठा ठेवतात. बरोबर बसतो. पण पूर्वी तो चालायचा, अक्षरांवरून अक्षरांवर जायचा. आता एकाच जागी थांबून राहतो.

मित्रांनो, घर जरूर रंगवा. जुन्या साड्यांचे पडदे करा, ट्रंकेचे टीपॉय करा. पण एखादी जुनी खूण घासायला घ्याल, तेव्हा घरातल्या थोरांना आधी जवळ बोलवा आणि त्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं आहे? त्यांना शब्द जमणार नाहीत कदाचित. तुम्ही त्यांच्या हाताकडे बघा.

लीलाबाई अजूनही नाव घेत नाहीत. माझ्या पाठीवर ते उरलं नाही. फोटोखालीही ते कुणी लिहिलेलं नाही. मग ते घ्यायचं कुणी? म्हणून आज एवढ्या वर्षांची सवय मोडून मीच घेते. माझ्या पाठीवर लाल रंगात लिहिलं होतं, 'नथू कुशाबा, माले'. आणि 'माले'च्या शेवटी एक ओघळ होता.